बेअरिंग आणि सील वारंवार जाते तेव्हा आधी शाफ्ट तपासा

प्रश्न असा आहे. साखर कारखान्यातला कच्च्या रसाचा पंप: आडवा, एंड सक्शन (समोरून रस ओढणारा), ३७ किलोवॅट, १४८० आरपीएम, दोन्ही बाजूंना ६३०९ मापाचे बॉल बेअरिंग, ग्रीसवर चालणारे. चालू पंपाला शाफ्टभोवतीची गळती अडवायला ग्लँड दोरी आहे, शेजारच्या राखीव पंपाला मेकॅनिकल सील, म्हणजे एकमेकांवर घासणारी दोन गुळगुळीत तोंडे. एका गाळप हंगामात बेअरिंग तीनदा बदलले, सील दोनदा. नवा माल टाकला तरी महिना-दीड महिन्यात पुन्हा आवाज आणि गळती. मग बेअरिंग कोणत्या कंपनीचे घ्यावे?

कंपनी बदलून हे थांबणार नाही. साधा हिशोब करून पाहा. ६३०९ ची भारक्षमता सुमारे ५५ किलोन्यूटन. पंपाकडून ५ किलोन्यूटन भार आला असे धरले, आणि तो बराच जास्त धरला आहे, तरी आयुष्य १५,००० तासांच्या आसपास येते. हंगाम १५० दिवसांचा, म्हणजे ३,६०० तास. म्हणजे हे बेअरिंग चार हंगाम काढायला हवे. ते हजार तासांत जात असेल तर ते थकून गेलेले नाही, मारले गेले आहे. पाणी, चुकीची बैठक, पाइपचा ताण, वाकडे कपलिंग किंवा इम्पेलरचा (पंपातल्या फिरत्या पंख्याचा) धक्का, यांपैकी काहीतरी त्याला मारते आहे. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणात घटते. भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश. म्हणून थोडासा नको असलेला भारही महागात पडतो.

दुसरी गोष्ट, बेअरिंग आणि सील यांना दोन वेगळे आजार समजू नका. ग्लँड गळते, पाणी बेअरिंगमध्ये जाते, बेअरिंग ढिले होते, शाफ्ट डोलायला लागतो, डोलणारा शाफ्ट दोरी खातो आणि ग्लँड आणखी गळते. या फेऱ्यातला एकच भाग बदलला तर उरलेला भाग त्याला लवकरच खराब करतो.

काढलेले बेअरिंग फेकू नका. दोन्ही रेस, म्हणजे आतली कडी (इनर) आणि बाहेरची (आउटर), कापून किंवा उघडून उजेडात बघा, कारण सगळी हकिगत तिथे लिहिलेली असते. नीट चाललेल्या बेअरिंगमध्ये इनरवर गोळ्यांची वाट खाचेच्या मधोमध, पूर्ण गोल फिरलेली दिसते आणि आउटरवर ती भाराच्या बाजूला साधारण अर्ध्या भागातच उमटते. वाट खाचेच्या एका काठावर चढली असेल तर शाफ्टला अक्षाच्या दिशेने ढकलणारा भार जास्त आहे. वाट आउटरवर तिरकी, एका बाजूला डाव्या काठाला आणि समोरच्या बाजूला उजव्या काठाला, अशी गेली असेल तर हाउसिंग किंवा बैठक तिरकी आहे. आउटरवर समोरासमोर दोन ठिकाणी दाट वाट म्हणजे हाउसिंग अंडाकृती होऊन रेस चिमटली जाते आहे. गोळ्यांच्या अंतराइतक्या अंतरावर खळगे असतील तर दोन शक्यता: खळग्यांत मूळ घासणीच्या रेषा शिल्लक असतील तर बसवताना हातोडा गोळ्यांमधून गेला, रेषा पुसून तांबूस पूड दिसत असेल तर पंप उभा असताना शेजारच्या पंपाच्या थरथरीने ते झाले. सगळ्या वाटेवर पाटा-वरवंट्याच्या टाक्यांसारख्या समांतर आडव्या रेघा असतील तर व्हीएफडीवरच्या (वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरच्या) मोटरमधून वीज बेअरिंगवाटे जमिनीत जाते आहे. अर्थिंग रिंग आणि मोटरला इन्सुलेटेड बेअरिंग हाच उपाय. निळा-तपकिरी रंग म्हणजे उष्णता. काळसर डाग आणि गंज म्हणजे पाणी.

रसाच्या पंपावर बहुतेक वेळा सापडतात ती शेवटची खूण आणि काठावर चढलेली वाट. दोन्हींची कारणे नीट समजून घ्या.

पाणी कुठून येते ते शोधायला पंप थांबवायचीही गरज नाही. ग्लँड आणि बेअरिंग ब्रॅकेट यांच्या मधल्या मोकळ्या भागात टॉर्च मारून बघा. शाफ्टवर पाणी झटकून टाकणारी एक रबरी रिंग असते. ती बहुतेक ठिकाणी एक तर नसते, नाही तर सरकून ग्लँडला चिकटलेली असते. ती बेअरिंग कव्हरपासून एक-दोन मिलिमीटरवर, शाफ्टला घट्ट हवी. त्याखाली ब्रॅकेटच्या तळाला निचऱ्याचे भोक असते. बगॅसचा भुसा आणि वाळलेला रस यांनी ते बुजते, ब्रॅकेटमध्ये तळे साचते आणि पाणी थेट ऑइल सीलच्या (बेअरिंग कव्हरमधल्या रबरी सीलच्या) ओठाला लागते. एका सळईने ते भोक मोकळे करणे, एवढ्यानेही बेअरिंग वाचते. तिसरे कारण म्हणजे पाळी संपताना होज पाइपने पंप धुणे. बेअरिंग कव्हरवर पाण्याचा फवारा मारू नका, विशेषतः पंप नुकताच थांबलेला आणि गरम असताना. थंड होणारे हाउसिंग आत हवा ओढते आणि तिच्याबरोबर पाणीही ओढते. ऑइल सील बदलताना त्याच्या ओठाखाली शाफ्टवर नख अडकेल अशी खाच पडली असेल तर नवे सीलही गळणार. सील दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवा किंवा पातळ स्लीव्ह (नळीसारखे आवरण) चढवा. जिथे सतत ओल असते तिथे ओठवाल्या सीलऐवजी लॅबिरिंथ पद्धतीचा (वळणदार फटीने पाणी अडवणारा) आयसोलेटर बसवणे पैसे वसूल करून देते.

काठावर चढलेल्या वाटेचे कारण इम्पेलरमध्ये शोधा. बंद इम्पेलरच्या मागच्या बाजूचा दाब कमी करायला बॅलन्स होल (इम्पेलरमधली आरपार भोके) आणि मागची वेअर रिंग (फट राखणारी झिजती कडी) दिलेली असते. कच्च्या रसातला बारीक भुसा या भोकांत बसतो आणि ती बुजतात. मग मागचा दाब वाढतो आणि इम्पेलर सक्शनकडे ओढला जाऊन सगळा भार जागेवर धरून ठेवणाऱ्या एका ६३०९ वर येतो. मागची वेअर रिंग झिजून फट मूळच्या दुप्पट झाली तरीही परिणाम हाच. त्यामुळे बेअरिंग पुन्हा बदलायच्या आधी एकदा रोटर बाहेर काढा, बॅलन्स होल ड्रिलने साफ करा आणि दोन्ही रिंगांची फट मोजून लिहून ठेवा. याचबरोबर डिस्चार्ज व्हॉल्व्ह किती उघडा असतो तेही पाहा. व्होल्यूट केसिंगचा पंप त्याच्या मूळ क्षमतेच्या चौथ्या हिश्शावर रेटून चालवला तर इम्पेलरला एका बाजूने ढकलणारा भार येतो, शाफ्ट वाकतो आणि आधी सील, मग बेअरिंग जाते.

आता शाफ्टची तपासणी. मोटरचा ब्रेकर बंद करून कुलूप लावा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, केसिंग रिकामे. स्टफिंग बॉक्सजवळ (दोरी किंवा सील बसते ती जागा) स्लीव्हवर डायल गेज लावून शाफ्ट हाताने फिरवा. रनआउट, म्हणजे फेरीत काट्याची एकूण हालचाल, ०.०५ मिमीच्या आत हवा. मग शाफ्ट पहारीने हलकेच वर उचलून पाहा, डायल ०.०८ मिमीपेक्षा जास्त सरकला तर बेअरिंग किंवा त्याची बैठक ढिली आहे. डायल शाफ्टवर बसवून त्याचे टोक स्टफिंग बॉक्सच्या तोंडावर फिरवा: काटकोनातली चूक ०.०५ मिमीपर्यंत, बॉक्सच्या आतल्या गोलाची केंद्रातली चूक ०.१ मिमीपर्यंत चालेल. ही दोन मापे मेकॅनिकल सीलसाठी फार महत्त्वाची, आणि नेमकी हीच कोणी घेत नाही.

पाइपचा ताण तपासायला कपलिंगवर एक डायल उभा आणि एक आडवा लावा. मग सक्शन फ्लँजचे बोल्ट सोडा, नंतर डिस्चार्जचे. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर पाइप पंपावर टेकलेला आहे. चेन ब्लॉकने फ्लँज ओढून बोल्ट बसवण्याची सवय जिथे असते तिथे हा ताण हमखास सापडतो. उपाय एकच: पाइपला स्वतःचा आधार द्या, गरज पडली तर कापून पुन्हा वेल्ड करा. बोल्ट आवळून पाइप सरळ होत नाही, केसिंग वाकते.

मग पंपाचे आणि मोटरचे पाय. एकेक फाउंडेशन बोल्ट ढिला करताना पाय ०.०५ मिमीहून जास्त उचलला गेला तर त्याखाली शिम (पातळ पत्रा) कमी आहे. कपलिंग मिळवणी सगळ्यात शेवटी. १,५०० आरपीएमला समांतर चूक ०.०५ मिमी आणि कोनातली चूक १०० मिमीला ०.०५ मिमी, इतक्यात ठेवा. इथे एक गफलत नेहमी होते: डायलने पूर्ण फेरीत दाखवलेले माप हे खऱ्या समांतर चुकीच्या दुप्पट असते. डायलवर ०.१० आले तर चूक ०.०५ आहे. बुश-पिन कपलिंगच्या दोन अर्ध्यांमध्ये ३ ते ४ मिमी फट ठेवा. अर्धी एकमेकांना टेकली तर गरम होऊन वाढलेला शाफ्ट बेअरिंगला ढकलतो. झिजलेले बुश म्हणजे मिळवणी बिघडल्याची खूण समजा. नुसते बुश बदलून पुढे जाऊ नका.

बेअरिंगच्या बैठकीची मापे मायक्रोमीटरनेच घ्यावी लागतात. ६३०९ साठी शाफ्ट ४५ मिमी, के५ टॉलरन्स, म्हणजे ४५.००२ ते ४५.०१३. बेअरिंगचे भोक ४५.००० ते ४४.९८८ असते, म्हणून बसणी २ ते २५ मायक्रॉन घट्ट येते. हाउसिंग १०० मिमी, एच७, म्हणजे १००.००० ते १००.०३५, आउटर त्यात हाताच्या जोराने सरकला पाहिजे. दोनपैकी एक बेअरिंग कव्हरने जागेवर धरलेले आणि दुसरे अक्षाच्या दिशेने मोकळे हवे. दोन्ही बाजूंची कव्हरे आउटरवर घट्ट आवळली तर शाफ्ट तापून वाढल्यावर जायला जागा उरत नाही आणि दोन्ही बेअरिंगे एकमेकांना मारतात.

सी३ (आतला खेळ जास्त असलेले) बेअरिंग का मागवायचे, तेही यातूनच कळते. या आकाराच्या साध्या बेअरिंगमध्ये आतला खेळ, म्हणजे गोळ्या आणि रेस यांमधली मोकळीक, ६ ते २३ मायक्रॉन असतो आणि सी३ मध्ये १८ ते ३६. घट्ट बसणीच्या साधारण ८० टक्के खेळ इनर फुगल्याने संपतो. बसणी २५ मायक्रॉन आली तर २० मायक्रॉन गेले. साध्या बेअरिंगमध्ये खेळ शून्यावर येऊ शकतो, वर तापल्यावर तो आणखी घटतो. मागणीपत्रावर फक्त ‘६३०९’ लिहिले तर दुकानदार जे हाताशी असेल ते देतो. ‘६३०९ सी३’ असे पूर्ण लिहा, आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. बाजारात नकली माल भरपूर आहे आणि खोक्यावरून तो ओळखू येत नाही.

शाफ्ट ढिला झाला म्हणून बैठकीवर सेंटर पंचाने ठिपके मारून बेअरिंग बसवणे हा प्रकार कृपा करून बंद करा. इनर त्या ठिपक्यांच्या टोकांवर टेकतो, वेडावाकडा होतो आणि टोके झिजली की बेअरिंग पुन्हा शाफ्टवर फिरायला लागते. हाउसिंगमध्ये पत्र्याची शिम घालणेही तसेच. हंगाम निभावून न्यायचा असेल तर स्वच्छ, कोरड्या बैठकीवर रिटेनिंग कंपाउंड (फट भरून धरणारे चिकट द्रव्य) लावा, तेही ढिलेपणा शतांश-दोन शतांश मिलिमीटरचा असेल तरच. ऑफ सीझनमध्ये मेटल स्प्रे किंवा हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग, नाही तर नवा शाफ्ट. वेल्डिंगने भराव घालून टर्निंग केलेला शाफ्ट वाकण्याची शक्यता मोठी असते.

बसवताना इंडक्शन हीटरने बेअरिंग ११० अंशांपर्यंत तापवा. ३० वरून ११० वर गेल्यावर ४५ मिमीचे भोक सुमारे ४३ मायक्रॉन मोठे होते, म्हणजे कितीही घट्ट बसणी असली तरी ते सरकून जाते. १२० च्या वर नेऊ नका. गॅसच्या ज्योतीने तर कधीच नाही. सरकवल्यावर बेअरिंग खांद्याला दाबून धरा, कारण थंड होताना त्याची रुंदीही आखडते आणि मागे फट राहते. थंड झाल्यावर ०.०३ मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) खांद्यामागे जाता कामा नये. हीटर नसेल तर इनरवर टेकेल अशा पाइपच्या तुकड्याने दाबा. जोर कायम घट्ट बसणाऱ्या रेसवर. आउटरवर ठोकलेला प्रत्येक घाव गोळ्यांतून इनरवर उमटतो. नवे बेअरिंग डिझेलने धुऊ नका, त्यावरचे तेल संरक्षणासाठीच असते.

ग्रीसबद्दल दोन्ही टोकांच्या चुका होतात, पण जास्त बेअरिंगे जास्त ग्रीसनेच जातात. नव्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या मधली जागा पूर्ण भरा, कव्हरमधल्या मोकळ्या जागेत तिसरा हिस्सा. नंतर भर घालायचे प्रमाण: बाहेरचा व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५. इथे १०० गुणिले २५ गुणिले ०.००५, म्हणजे साडेबारा ग्रॅम. तुमच्या ग्रीसगनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा आहे ते दहा स्ट्रोक कागदावर काढून वजन करून ठरवा आणि गनवर रंगाने लिहून ठेवा. ‘बाजूने बाहेर येईपर्यंत’ हे माप नाही. तेव्हा ग्रीस ऑइल सीलचा ओठ उलटवून बाहेर आलेले असते आणि पुढे तिथूनच पाणी आत जाते. ओलसर जागी दर १,५०० तासांनी भर पुरेशी. बेअरिंग ७० अंशांच्या वर चालत असेल तर प्रत्येक १५ अंशांना हा काळ निम्मा करा. लिथियम ग्रीस, एनएलजीआय २ (घट्टपणाचा दर्जा) घ्या आणि मोटरसाठी आणलेले पॉलियुरिया ग्रीस त्यात मिसळू नका, मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते. ग्रीस भरल्यावर काही तास तापमान वाढते आणि मग खाली येते. ते पाहून घाबरून आणखी ग्रीस मारणे ही दुसरी चूक. पंप तेलावर चालणारा असेल तर व्हीजी ६८ (दाटपणाचा दर्जा) तेल, पातळी सर्वांत खालच्या गोळीच्या मध्यापर्यंत, आणि तेल दुधाळ दिसले की त्याच पाळीत बदल.

आता दोरी. बॉक्सचा व्यास ७५ आणि स्लीव्ह ५५ असेल तर दोरी (७५ – ५५) ÷ २ = १० मिमी. जाड दोरी हातोड्याने ठोकून बसवू नका, तिचा विणीचा कणा मोडतो. जुनी दोरी पूर्ण काढा. लँटर्न रिंगच्या (दोरीत फ्लशिंगचे पाणी सोडणाऱ्या कडीच्या) मागच्या कड्या आळसाने तशाच ठेवल्या जातात आणि त्यामुळे रिंग फ्लशिंगच्या भोकासमोर येत नाही, पाणी दोरीपर्यंत पोहोचत नाही. स्लीव्हच्या मापाच्या पाइपवर गुंडाळून कड्या कापा, एकेक कडी वेगळी दाबून बसवा, सांधे ९० अंशांनी फिरवत न्या. ग्लँड नट फक्त बोटांनी आवळा. सुरू केल्यावर अर्धा तास मोकळी गळू द्या, मग दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही नट नटाच्या एका पैलूइतके. मिनिटाला ४० ते ६० थेंबांवर थांबा. ६० थेंब म्हणजे सुमारे ३ मिली, दिवसाला साडेचार लिटरही नाही. एवढे पाणी दोरीला थंड ठेवते. गळती पूर्ण बंद केली की दोरी जळते, स्लीव्हवर खाच पडते आणि त्या खाचेवर कोणतीही दोरी टिकत नाही. फ्लशिंगसाठी कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) वापरा. दाब स्टफिंग बॉक्सच्या दाबापेक्षा १ बार जास्त, गेजने मोजून. जास्त सोडले तर ते सगळे पाणी पुढे इव्हॅपोरेटरला वाफ खर्चून उडवावे लागते.

मेकॅनिकल सीलच्या दोन तोंडांमध्ये मायक्रॉनभर जाडीचा द्रवाचा थर असतो. त्यावरच सगळे चालते. कच्च्या रसात वाळू येते, म्हणून कार्बनऐवजी दोन्ही तोंडे सिलिकॉन कार्बाइडची घ्या. पण अशी जोडी कोरडी काही सेकंदही सहन करत नाही. सुरू करण्यापूर्वी पंप भरा, सील चेंबरच्या वरच्या कॉकमधून हवा काढा, शाफ्ट हाताने फिरवा आणि मगच स्टार्ट. बसवताना चावीच्या खाचेवर आणि आट्यांवर टेप गुंडाळा, ओ-रिंग तिथेच कापली जाते. ईपीडीएमच्या (एक प्रकारच्या रबराच्या) ओ-रिंगला साधे ग्रीस किंवा खनिज तेल लावू नका, ती फुगते. सिलिकॉन ग्रीस किंवा साबणाचे पाणी चालते. स्प्रिंगची दाबणी सीलच्या ड्रॉइंगवरच्या मापानेच. कार्ट्रिज सील (आधीच जोडून आलेले) असेल तर शाफ्टची जागा आणि कपलिंग पक्के झाल्यावरच ड्राइव्ह स्क्रू आवळा, मग क्लिपा काढा आणि जपून ठेवा, पुढे सील काढताना लागतात.

निघालेले सीलही वाचता येते. रुंद तोंडावरची वाट अरुंद तोंडापेक्षा रुंद झाली असेल तर शाफ्ट डोलतो आहे, बेअरिंगकडे जा. बाहेरच्या काठाचे टवके उडाले असतील तर तोंडांमध्ये वाफ झाली. ९५ अंशांच्या क्लिअर ज्यूसच्या पंपावर हे वारंवार घडते. बारीक किरणांसारख्या भेगा म्हणजे कोरडे चालणे. आतल्या बाजूला तपकिरी चिकट थर साचून सरकणारी ओ-रिंग जागीच अडकली असेल तर ती साखर आहे: पाझरलेला रस हवेत वाळतो, तोंड पुढे सरकत नाही आणि गळती सुरू होते. त्यावर उपाय म्हणजे ग्लँड प्लेटच्या क्वेंच भोकातून (सीलच्या बाहेरच्या बाजूला पाणी सोडायच्या) कोमट पाण्याची बारीक धार, पंप थांबल्यावरही काही वेळ चालू ठेवलेली. तुमच्या राखीव पंपाचे सील बहुधा यामुळेच जाते. थांबलेल्या पंपात तोंडांमधला रस वाळून ती एकमेकांना चिकटतात आणि सुरू करताच टवका उडतो.

मोजणी आठवड्याला एकदा, त्याच जागी, त्याच माणसाकडून. बेअरिंग हाउसिंगवर कंपन २.८ मिमी प्रति सेकंदापर्यंत असले तर ठीक, त्यापुढे कारण शोधायचे, ७.१ ओलांडले की पंप थांबवायचा. तापमान ८० अंशांच्या खाली. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा: १.५ वरून २.६ ला गेलेला पंप मर्यादेत असला तरी काहीतरी सांगतो आहे.

हंगाम चालू असेपर्यंत निचऱ्याचे भोक, रबरी रिंग, ग्रीसचे प्रमाण, फ्लशिंगचा दाब आणि कपलिंग एवढे लगेच करता येते. यांतले बहुतेक पंप न थांबवता. पाइपचा ताण, बैठकी, वेअर रिंग आणि बॅलन्स होल पुढच्या क्लीनिंग बंदला घ्या. राखीव पंप एक आड एक आठवडा चालवा. ते जमत नसेल तर दर आठवड्याला शाफ्ट सव्वा फेरी फिरवा, म्हणजे गोळ्या नव्या जागी टेकतात. आणि गाळप संपल्यावर दोन्ही पंप गरम पाणी सोडून धुवा, केसिंगचा तळाचा प्लग काढा, क्वेंच चालू ठेवून शाफ्ट हाताने फिरवा आणि निघणारे पाणी गोड लागत नाही तोपर्यंत थांबू नका.